रेषेबाहेरचा थर्मास

मित्रांनो, आधी मला खाली ठेवा, हलवू नका. हलवलंत तर पोटातून छनछन आवाज येईल आणि गोष्ट शेवटापासून सुरू होईल. मी एक जुना थर्मास आहे. माझ्या अंगावर लाल फुलं आहेत. दोन फुलांचा रंग उडाला, बाकीची अजून टवटवीत आहेत. छापील फुलांचं तेवढं बरं असतं.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. बाहेरून पत्रा आणि आत काच. आत काच असली की स्वभाव काळजीचाच होतो. कतारमधल्या दोह्याच्या बाजारात दुकानदारानं मला फळीवर ठेवलं, तेव्हा मी पहिल्यांदा फळीचे खिळे पाहिले. तिथून मला शहाजीनं नेलं. शहाजी कराडकडचा. दुखानच्या तेलवसाहतीत एका आयरिश साहेबाची गाडी चालवायचा. गावाकडे आईला, तानूबाईला, द्यायला त्यानं मला घेतलं होतं. अशी वस्तू खोक्यातच ठेवायची ही आपली रीत. पण शहाजीला चहाची तलफ होती.

सन ब्याऐंशीचा हिवाळा होता. शहाजीच्या बहिणीचं, सत्यभामेचं, लग्न ठरलं होतं. वडील नव्हते. लग्नात नवरदेवाचा कान पिळायला एकुलता एक भाऊ, आणि तो कतारमध्ये. कतारमधून निघायला तेव्हा विमान लागायचं आणि साहेबाची सही लागायची. विमान मिळण्यासारखं होतं. सहीचा कागद साहेबाच्या टेबलावर पडून होता.

"सॅटरडे, इन्शाल्ला," साहेब म्हणाला. कारण शुक्रवारी मॅच होती.

मॅच हर्लिंगची. हा आयर्लंडचा जुना खेळ. प्रत्येकाच्या हातात एक लाकडी काठी, टोकाला उलथन्यासारखी पसरट. मोसंबीएवढा चामड्याचा चेंडू, पण मोसंबीपेक्षा फारच कठीण. दुखानचे आयरिश विरुद्ध दोह्याचे आयरिश. आम्ही दुखानहून निघालो तेव्हा साहेब गाडीत काठीवरून हात फिरवत बसला होता. मी पुढच्या सीटवर, चहानं भरलेला, प्रत्येक खड्ड्याला जीव मुठीत धरून.

मैदान म्हणजे दोह्याबाहेरची सपाट रेती. दोन्ही टोकांना लोखंडी नळ्यांचे गोल. दोन उभ्या नळ्या, मध्ये एक आडवी. चेंडू आडव्या नळीवरून गेला तर एक गुण, पांढरं निशाण. खालून गेला तर तीन गुण, हिरवं निशाण. बाहेरून गेला तर काही नाही, पंचानं नुसते हात हलवायचे. गोलपाशी पंच हवेत, पण साहेब लोकांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. म्हणून त्यांनी खेळ अजिबात न कळणारी माणसं निवडली, म्हणजे ड्रायव्हर. पंच निवडायची ही पद्धत मला आजही बरी वाटते.

एका गोलच्या एका नळीपाशी शहाजी उभा राहिला. दुसरीपाशी फजल. फजल रत्नागिरीचा, दोह्याच्या कप्तानाचा ड्रायव्हर.

"शहाजीभाऊ, थर्मास मागं ठेव की, गोलच्या आत. तिथं हाताशी राहील," फजल म्हणाला.

"आखाड्यात चपला न्हाईत आन् चा न्हाई," शहाजी म्हणाला. तो तालमीत वाढलेला. त्यानं आधी वहाणा काढल्या, नळीच्या बाहेर रेषेपलीकडे ठेवल्या आणि शेजारी मला ठेवलं. मग रेतीची चिमूट कपाळाला लावून तो पंच झाला.

"इथं कुस्ती नाहीये," फजल म्हणाला.

"तुला काय म्हाईत? अजून सुरू कुठं झालीय?"

सुरू झाली. मित्रांनो, तासाभरात माझ्या आयुष्याचा निम्मा पत्रा झिजला. तीस माणसं काठ्या फिरवत एकमेकांच्या अंगावर धावत होती आणि वर हसत होती. चेंडू दोनदा माझ्या टोपणावरून गेला. मी चहा घट्ट धरून बसलो.

शेवटी दुखान एकच गुण मागे होतं आणि वारा सुटला. रेती उठली. तिच्यातून आमचा साहेब धावत आला आणि त्यानं चेंडू सपकन खालून हाणला.

पुढचं कुणालाच दिसलं नाही. मला समजलं. पत्र्याला ठोका बसला आणि आत, जिथं मी आयुष्यभर जपत होतो तिथं, सगळं फुटलं. काचेचा चुरा चहात उतरला. मी मात्र जागचा हललो नाही, निम्मा रेतीत रुतलो होतो.

"गोल! गोल!" दुखानवाले धुळीतून ओरडत होते.

फजल डोळे चोळत शहाजीजवळ आला. त्यानं आधी नळी पाहिली, मग मला.

"शहाजी, बाहेरून गेला रे."

"व्हय."

"धूळ आहे. कुणी बघत नाहीये. पायानं थर्मास आत सरकव. हिरवं दाखव. माझ्या साहेबाचं मी बघतो."

"तुझी टीम हारंल."

"माझ्या बहिणीचं लग्न नाहीये."

शहाजीचा अनवाणी पाय माझ्या अंगाला टेकला. मित्रांनो, मला सरकवायला फार जोर लागला नसता. मला वाटत होतं, सरकव बाबा, मी फुटलोच आहे, तुझं तरी जमू दे. पाय तसाच राहिला. वारा उतरू लागला. माणसं दिसू लागली, मग साहेब दिसला.

शहाजीनं पाय उचलून बाजूला ठेवला आणि दोन्ही हात आडवे हलवले.

दुखान हरलं. साहेब जवळ आला, त्यानं मला उचललं, कानाशी धरून हलवलं. छन्. त्यानं मला पुन्हा त्याच खळग्यात ठेवलं आणि गाडीत जाऊन बसला. शहाजीनं मला काढून पुढच्या सीटवर ठेवलं. दुखानपर्यंत तो सारखा आरसा नीट करत होता. मी दर वळणाला वाजत होतो, आणि वाजू नये असं मला फार वाटत होतं.

शनिवारी साहेबानं बोलावलं. शहाजीनं पुरावा म्हणून मलाही काखेत नेलं.

"शाजी, तुमने बॉल देखा?"

"नही साब. आँख में धूल था."

"फिर?"

"थर्मास बाहर था, साब."

साहेबानं बोटानं माझ्या पत्र्यावरचा पोचा चाचपला. मग कागद ओढून सही केली. "जल्दी वापस आना. नेक्स्ट मॅच में दोहावाले बोलते हैं, शाजी ही चाहिए." कागद पुढे सरकवत म्हणाला, "मैं भी."

मुंबईच्या कस्टमवाल्यानं मला हलवून पाहिलं, आवाज ऐकला आणि पहिल्यांदाच एखाद्या गल्फवाल्याला सहानुभूतीनं सोडलं. सत्यभामेच्या लग्नात शहाजीनं नवरदेवाचा कान असा पिळला की मांडवात सगळ्यांना तो ओरडलेला ऐकू आला. तानूबाईनं मला पुढच्या खोलीत फळीवर ठेवलं. माझ्यात कधी चहा ओतला नाही, पण येणाऱ्याला ती सांगायची, "यात दिवसभर गरम राहतं." गल्फच्या वस्तूवर आमच्या गावाचा तेवढा विश्वास आहे.

आता माझ्यावर धूळ बसते. कुणी पुसत नाही. पुसायला घेतलं की मी वाजतो आणि पोरं घाबरून ठेवून देतात. मित्रांनो, घाबरू नका. ओल्या फडक्यानं हलकेच पुसा. काचेच्या वस्तू रेषेबाहेर ठेवा, आणि फळीचे खिळे अधूनमधून बघत जा. आणि कधी धूळ उठली, कुणी बघत नसलं, आणि तुमच्या पायाशी असाच एखादा फुटका थर्मास असला, तर पाय उचलून बाजूला ठेवा.