रेवाचं वर्षभराचं सामान

सप्टेंबरच्या उतरत्या उन्हात, तान्हं मूल घ्यावं तसं तांदळाचं पोतं कडेवर घेऊन बाहेरचा लोखंडी जिना चढणारी एक मुलगी, आणि तिच्या पावलागणिक पोत्यात सरकणाऱ्या दाण्यांचा तो दबका, कोरडा आवाज. रेवाचं नाव निघालं की मला आधी हे ऐकू येतं, मग ती दिसते. त्या वर्षी तिचं हायस्कूल संपलं होतं. वर्गातल्याच ब्रायनबरोबर तिने मिशिगनमधल्या ट्रॉय गावाच्या कडेला, जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, एका बेडरूमचं घर भाड्याने घेतलं. तिच्या वडिलांनी जेवणाच्या टेबलावर आवाज न चढवता सांगितलं, की या घरातून त्या भाड्यासाठी एक डॉलरही जाणार नाही. रेवा म्हणाली, "मी मागणारही नाही." तिची आई सुलभा ही माझी मैत्रीण. नवऱ्याच्या शब्दाखातर ती त्या जिन्याची पायरी चढली नाही. मी मात्र रेवाची मावशी म्हणून जात राहिले.

रेवा अंगाने किडकिडीत होती आणि वागण्यात ऐसपैस. हिशेब करताना ती कॅल्क्युलेटर बाजूला सारायची आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून असा सरसर फिरवायची, की ब्रायन हातातलं काम टाकून बघत बसे. ही लकब सुलभाची. खिडकीतून येणारा शरदातला तिरपा, पिवळा प्रकाश त्या हलत्या बोटांवर पडे, ओठ नि:शब्द हलत राहत, आणि क्षणभर ती अठरा वर्षांची न वाटता अनेक संसार पार पाडलेली कुणी पोक्त बाई वाटे. सकाळी ती औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राही, संध्याकाळी कम्युनिटी कॉलेजात जाई. ब्रायन मोटारींचे डॅशबोर्ड बनवणाऱ्या कारखान्यात लागला होता. दोघांच्या पगारात भाडं, गाडीचा विमा, फी आणि जेवण बसत होतं. थोडं उरतही होतं.

चूक झाली ती उधळपट्टीने नव्हे, काटकसरीने. सुलभाच्या घरी दर वर्षी पानगळ सुरू झाली की बेसमेंटमध्ये वर्षाचं सामान भरलं जाई. सांगलीहून आणलेली ही रीत तिने मिशिगनच्या थंडीत अधिकच निष्ठेने पाळली होती. लहानपणापासून त्या डब्यांच्या रांगा पाहणाऱ्या रेवाला संसार म्हणजे हेच माहीत होतं. आधी वर्ष भरायचं, मग जगायला लागायचं. त्यामुळे हायस्कूलच्या ग्रॅज्युएशनला भेट म्हणून आलेले, अडीअडचणीला ठेवलेले सगळे पैसे आणि दोघांचे पहिले पगार इंडियन स्टोअरमध्ये गेले. तांदूळ, तूरडाळ, कणीक, तेलाचे डबे, गूळ, चिंच. मोठं पोतं घेतलं की पौंडामागे किती वाचतात हे तिने मला पेरांवर मोजून दाखवलं. तिचा हिशेब अचूक होता. पलंगाखाली पोती, कोटांच्या कपाटात पोती, सोफा भिंतीपासून हातभर पुढे. ब्रायन पहिला महिनाभर वरण-भात प्रेमाने जेवला.

थंडी आली तसा तो पिवळा प्रकाश आटला आणि आकाश ॲल्युमिनियमच्या झाकणासारखं खाली उतरलं. कारखान्यातला ओव्हरटाइम थांबला, मग आठवड्यातला एक दिवसही गेला. पातळ भिंतींच्या त्या घरात हीटर दिवसभर घरघरू लागला आणि गॅसचं बिल, जे सप्टेंबरच्या कुठल्याच बेरजेत नव्हतं, दर महिन्याला फुगत गेलं. उपाशी मात्र कुणी नव्हतं. त्या घरात दोन माणसांना वर्षभर पुरेल इतकं अन्न होतं आणि जानेवारीचं भाडं नव्हतं.

ब्रायन इंग्रजीत टोमणे मारी आणि रेवाही तितक्याच चोख इंग्रजीत परत करी.

"घरमालकाला डाळ चालते का, विचारून बघ ना."

"विचारते. त्याला चालली तर तुझ्या व्हिडिओ गेम्सचे पैसेही डाळीतच देऊन टाकू."

हसू दोघांनाही येई, पण दिवसेंदिवस ते लवकर ओसरू लागलं. एका शनिवारी तिने पोती गाडीत घातली आणि मला घेऊन इंडियन स्टोअर गाठलं. गल्ल्यावरच्या गुजराती काकांनी पोत्यांकडे आणि मग तिच्याकडे पाहिलं.

"अरे बेटा, एवढं नेलं तेव्हा मला वाटलं घरात लग्न आहे."

"काका, सील पण तोडलेलं नाही. प्लीज."

"सीलचं नाही ग. ग्रोसरी परत नाही घेत कोणी."

परतताना ती गाडी हळू चालवत होती. मी म्हटलं, भाड्याचं मी बघते. तिने रस्त्यावरची नजर हलवली नाही. "मावशी, तू दिलेस म्हणजे आईने दिले. आईने दिले म्हणजे बाबांनी दिले. सॉरी, नो." मग मी तेच तांदूळ विकत मागितले. तेव्हा मात्र ती खरोखर दुखावली. "विकत? तुला तांदूळ विकू? काय यार मावशी!" आणि घराशी पोचताच तिने एक पोतं माझ्या गाडीत फुकट ठेवून दिलं. शेजारच्या इमारतीतली नागपूरची दोन मुलं, कामावरची मैत्रीण, ब्रायनची आई, त्या हिवाळ्यात जो जो त्या घरी आला तो काहीतरी हातात घेऊन गेला. ज्या घराने तिला पोती भरायला शिकवलं होतं, त्याच घराने दारी आलेल्याला द्यायलाही शिकवलं होतं. धान्याचे पैसे कसे करायचे, तेवढं मात्र कुणी शिकवलं नव्हतं. तिला गदागदा हलवावंसं मला वाटे. मी पोतं घेऊन घरी येई.

फेब्रुवारीत दारावर घर सोडण्याची नोटीस लागली. ब्रायन त्याच्या आईच्या बेसमेंटमध्ये राहायला गेला. भांडण झालं नाही; तो जिना उतरताना वळून दोनदा थांबला, एवढंच मी पाहिलं. घर रिकामं करायच्या दिवशी सुलभा आली, पहिल्यांदा. बर्फाचे बूट दाराशी काढून ती मोज्यांनिशी आत हिंडली, कपाट उघडून पाहिलं, वाकून पलंगाखाली पाहिलं.

"एवढं का भरलंस गं? दोनच तर माणसं तुम्ही."

"तू नाही का भरायचीस?"

"आम्हाला पुढच्या वर्षीही तिथेच राहायचं होतं, बाळा."

रेवा खोक्याला चिकटपट्टी लावत राहिली. बाबांनी तिची खोली साफ करून ठेवली आहे, असं सुलभाने भिंतीकडे बघत सांगितलं. रेवाने मान हलवली, हो की नाही ते कळू न देता, आणि त्याच आठवड्यात ती दीड तासावरच्या लॅन्सिंगला, तिथे बदलून गेलेल्या कामावरच्या मैत्रिणीकडे राहायला गेली. तिने मागितलं नाही, ते शेवटपर्यंत.

त्या इमारतीवरून माझं अजून जाणं होतं. त्या खिडकीला आता कुणाचे तरी निळे पडदे आहेत. रेवा तिथे राहिली ती पानगळीपासून बर्फापर्यंतच्या अरुंद काळात. त्या घरातला उन्हाळा तिने पाहिलाच नाही. पण काळाने जे दिलं नाही ते स्मृती कुणाला न विचारता देऊन टाकते, आणि त्या खिडकीत मला ती दर वेळी दिसते ती जूनच्या लख्ख उन्हात, अनवाणी, ओले केस मोकळे सोडून, कसलीही घाई नसलेली.