पूर्वजांची पाटी

शुन-मेईने फडकं पिळलं आणि मधल्या दालनाचा उंबरा पुसायला घेतला, तोच वारसा कार्यालयाच्या लाइबाई लगबगीने पुढे आल्या.

"आजी, राहू द्या. आता काही घासायचं नाही. आहे तसंच ठेवायचं."

"सात वर्षांची होते तेव्हापासून घासतेय," शुन-मेई म्हणाली. "आता धूळसुद्धा सरकारी झाली का?"

लाइबाई हसल्या. मेइनोंग गावातलं चुंग घराण्याचं हे शेतघर आता वारसावास्तू ठरलं होतं. तीन बाजूंना खोल्या, मध्ये भात वाळवायचं अंगण, मागे तंबाखू सुकवायची उंच भट्टी. आज दालनाचे फोटो निघणार होते. फोटोत येईल ते कायमचं; पुढे साधा खिळा ठोकायचा तरी परवानगी. मागच्या आठवड्यात हे कळल्यापासून शुन-मेईचे थोरले भाऊ थिंग-फू गप्प गप्पच होते.

आज मात्र इस्त्रीचा सदरा घालून ते घराचा इतिहास सांगायला बसले. ऐंशी ओलांडलेले निवृत्त मास्तर, पण आवाज अजून खणखणीत. आजोबांनी जमीन घेतली, वडिलांनी भट्टी बांधली, आपण कौलं बदलली, असं त्यांनी ओळीने सांगितलं. भट्टीच्या विटा कुणी वाहिल्या, रात्र-रात्र जागून जाळ कुणी सांभाळला, हे काही त्यात आलं नाही. शुन-मेई तेव्हा पंधरा-सोळाची. तंबाखू विकून भाऊ शिकला, मास्तर झाला. तिची स्थळं मात्र एकेक करून परत गेली, कारण पुढचा हंगाम नेहमी तोंडावर असायचा.

दालनात समोरच पूर्वजांची लाकडी पाटी होती. घरातले गेलेले पुरुष आणि त्यांच्या बायका तिच्यावर सोनेरी अक्षरांत नांदत होते. वहिनी गेली तेव्हा तिचं नाव चढलं, आणि शेजारी थिंग-फूंचंही लिहून त्यावर लाल कागदाची पट्टी चिकटवली. माणूस जिवंत आहे तोवर नाव झाकलेलं. गेला की पट्टी काढतात. लेकींची नावं तिथे नसतात. त्यांची जागा नवऱ्याच्या घरी, आणि जिला नवराच नाही तिची नदीपलीकडच्या विहारात, परक्यांच्या रांगेत.

शुन-मेई विहारात जाऊन आपल्या नावासाठी राखलेली फळी बघूनही आली होती. "खिडकीजवळ आहे, वारा येतो," एवढंच तिने घरी सांगितलं. त्यावरून पुतण्याने बापाशी वाद घातला, तेव्हा थिंग-फूंनी भाताचा वाडगा बाजूला सारला होता. चुंगांच्या पाटीवर लेकीचं नाव कधी ऐकलंय का, असं ते म्हणाले होते. स्वयंपाकघरात ते तिला ऐकू गेलं आणि फार लागलं. तरी दुसऱ्या दिवशी तिने त्यांना हवा तसा मऊ भात केला.

आज पहाटेची उदबत्तीही त्यांनी स्वतःच लावली होती. तू आत येऊ नकोस, म्हणाले. एरवी ते काम तिचं. आज मानाचा दिवस, घरच्या पुरुषाचा, असं मनाशी म्हणून ती उंबऱ्यातच थांबली होती.

लाइबाईंनी कॅमेरा लावला आणि पाटीकडे निरखून पाहिलं.

"आजोबा, हे दोन लाल कागद फोटोपुरते काढू का? खालची अक्षरं येतील."

शुन-मेईने मान वर केली. वहिनीच्या नावाजवळची पट्टी जुनी, विटलेली. दुसरी, पाटीच्या खालच्या कोपऱ्यातली, कोरी करकरीत होती.

थिंग-फू काठी टेकत उठले. त्यांच्या नखात सोनेरी रंग अडकला होता. तो त्यांनी इस्त्रीच्या सदऱ्याला पुसला.

"काढायचे नाहीत," ते म्हणाले. "वरचा माझा आहे. आणि खालची अजून जिवंत आहे. ती काय, उंबऱ्यात बसलीय."

लाइबाईंनी मागे वळून पाहिलं आणि कॅमेऱ्यावरचा हात काढून घेतला. शुन-मेई कोरडं झालेलं फडकं पिळत राहिली. मग तिने विचारलं,

"मला काही ते बघायला मिळायचं नाही. अक्षर तरी सरळ काढलंस ना, दादा?"

"सरळ आहे," थिंग-फू म्हणाले. "तुझ्या भट्टीच्या जाळावर शिकलेलं अक्षर आहे."