तेल टाकलं न्हवं?

कळमनुरीच्या स्टँडमागं लतीफचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणायचं आपलं. चार पत्रे, एक कडुनिंब आणि लिंबाला टांगलेल्या जुन्या ट्यूबा. लतीफनं नुसता कान दिला तरी इंजिन आपलं दुखणं सांगतं, असं लोक म्हणायचे. लोकांच्या तोंडाला काय, ते काहीही म्हणतात. एका इंजिनाला मात्र लतीफनं आठ वर्षं कान दिला नव्हता, आणि सत्याहत्तर साली, पोळा झाल्यावर, तेच बैलगाडीत बसून त्याच्या दारात आलं.

सोबत पद्माबाई होती.

"लतीफभाऊ, यांची जावा हाय. गोठ्यात सडून राहिली. पयल्यासारखी करून द्या."

पद्माबाईचा नवरा शेषराव हा देवी डॉक्टर होता. म्हणजे गावोगाव हिंडून लेकरांना देवीची लस टोचायचा. साहेबानं सायकल दिली होती, पण पठ्ठ्यानं पोटाला चिमटा घेऊन जुनी जावा मोटारसायकल घेतली. तांबडी टाकी, तिच्या दोन्ही अंगाला आरशासारखा पत्रा, आणि किकचा दांडा तोच गिअरचा. जावाचा आवाज काही दुसऱ्या फटफटीसारखा नव्हे. रिकाम्या घागरीवर कुणी बोटांनी ठेका धरावा तसा, ठण-ठण-ठण. तो वेशीशी ऐकू आला की गावातली पोरं कणगीत लपायची. मोठ्या माणसांचा हात आपोआप दंडावरच्या व्रणाकडं जायचा.

ही गाडी नुसत्या पेट्रोलवर चालत नाही. पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं. नाही मिसळलं तर पिस्टन कोरडा पडतो, तापतो, आणि पळत्या गाडीत गच्चकन धरून बसतो. चाक जागच्या जागी थांबतं, माणूस थांबत नाही. म्हणून टाकीच्या झाकणालाच तेलाच्या मापाची छोटी वाटी असते. लतीफ त्या वाटीनं तेल घालायचा आणि शेषराव दर खेपेला बाहेरून विचारायचा, "लतीफभाई, तेल टाकलं न्हवं?"

"टाकलं, डॉक्टरसाब. बराबर टाकलं."

आठ वर्षांमागं एका संध्याकाळी लतीफ असंच पेट्रोल ओतत होता. वाटी हातात होती. तेवढ्यात घरून निरोप आला, खुर्शीदबीला मुलगी झाली. आनंदानं त्याला काही सुधरेना. शेषरावनं विचारलं, त्यानं सवयीनं सांगितलं, बराबर टाकलं. दुसऱ्या दिवशी पुसेगावच्या रस्त्याला चढावर गाडी आपटली. शेषराव जागीच गेला.

वाटी ओली होती की कोरडी? लतीफला आठवेना. पोरीचं नाव बिलकीस ठेवलं, ती चालायला लागली, शाळेत गेली, आणि तिच्या प्रत्येक वाढदिवसाला बाप तोंड लपवून बसला. रोज दिवेलागणीला गॅरेजबाहेर ठण-ठण यायचं. मागोमाग तोच प्रश्न. लतीफ दार लावून घ्यायचा. वेड लागायचं तेवढं बाकी होतं.

आता तीच गाडी पुढ्यात होती. नाही कसं म्हणणार? पण त्यानं इंजिन सोडून सगळ्याला हात घातला. गंज घासला, चाकाच्या तारा एकेक करून ओढल्या, नांदेडहून पत्र्याला चकाकी करून आणली, खारीच्या शेपटीच्या कुंचल्यानं सोनेरी रेघ ओढली. तांबडा रंग चढला तशी स्टँडवरची माणसं चहा सोडून बघायला येऊ लागली. कय्युम ड्रायव्हर तर म्हणाला, "लतीफ, नवरी सजवून राहिला का काय?" आणि खरं सांगायचं तर लतीफचाही जीव तिच्यावर जडला. मेलेलं जित्राब हाताखाली ऊन होत जावं, तसं वाटायचं. तेच वाटणं त्याला पुन्हा भिववायचं.

पद्माबाई दर बाजारच्या दिवशी यायची, लिंबाखाली बसायची आणि एकच विचारायची, "इंजिन उघडलं का?"

शेवटी उघडलं. सिलिंडर निघता निघेना. लाकडाच्या ठोकळ्यानं ठोकून पिस्टन काढला, तर त्याच्या अंगावर खोल ओरखडे, कडा वितळून रिंगा बुजलेल्या. तेलाविना जाम झालेला पिस्टन लतीफ अंधारात बोटांनीसुद्धा ओळखला असता. त्यानं तो फडक्यात गुंडाळला आणि ढसाढसा रडला. एवढं बरं की आता नक्की झालं होतं. नांदेडहून नवा पिस्टन मागवला आणि ठरवलं, येत्या बाजारी वैनीला सगळं सांगून टाकायचं. मग तिनं चपला मारल्या तरी चालेल.

बाजारच्या दिवशी ती आली. फडकं टेबलावर होतं.

"वैनी, एक सांगायचंय."

"थांबा भाऊ. आधी मी सांगते, न्हाईतर जमायचं न्हाई." तिनं पदर आवळला. "त्यांची टाकी सदा रिकामी. भावानं मला पेट्रोलचा डबा आणून दिला व्हता. त्या दिवशी पहाटं मी टाकीत ओतला. त्यांना न्हाई सांगितलं. म्हणलं, वाटंत बघतील, खूश व्हतील." ती थांबली. "तेल लागतं हे मला कुठं ठावं! दोन महिने झाले, एसटीत ड्रायव्हर बोलत व्हते. बिगर तेलाची गाडी माणूस मारती म्हणले. तवापासून जेवण जाईना. म्हणून आणली गाडी. खरं सांगा, मीच मारलं का हो त्यांना?"

लतीफच्या छातीवरचा धोंडा खाली उतरला. खोटं कशाला बोला, पहिल्यांदा त्याला आनंदच झाला. मग लगेच ध्यानात आलं, की हिनं कोरडं पेट्रोल ओतलं ते आपल्या पेट्रोलावर. आपण तेल घातलं असेल तर हिच्या डब्यानं ते पातळ झालं. नसेल घातलं, तर हिच्या हातून काहीच झालं नाही. जळलेलं लोखंड एवढंच सांगत होतं की तेल पुरलं नव्हतं. कुणामुळं, ते सांगत नव्हतं.

त्यानं तिच्याकडं बघितलं. दोन महिन्यांत डोळे खोल गेले होते. आठ वर्षांत काय होतं ते त्याला पाठ होतं.

तिनं डोळे पुसायला पदर लावला तेवढ्यात लतीफनं खोक्यातला नवा पिस्टन काढला, काळ्या तेलाचा अंगठा त्याच्यावरून फिरवला आणि तिच्या हातावर ठेवला.

"हे बघा. असा निघाला. कुठं ओरखडा हाय का?"

तिनं नखानं चाचपला. "न्हाई."

"मग? इंजिनाला काही झालं नव्हतं, वैनी. रस्त्यावर खडी पडली व्हती, चाक घसरलं. तुमच्या डब्याचा काही संबंध न्हाई."

पद्माबाई तो पिस्टन पोटाशी धरून बराच वेळ रडली. जाताना विचारलं, "तुमाला काय सांगायचं व्हतं?"

"हॉर्न मिळंना, तेच."

पुढच्या बाजारी गाडी तयार होती. आमच्याकडं गिऱ्हाईक जुनं सामान परत मागतंच, पद्माबाईनंही मागितलं. लतीफनं वायरी, रबरं, फाटकी सीट बांधून दिली.

"अजून काही बदललं न्हाई न्हवं?"

"न्हाई," लतीफ म्हणाला, आणि फडक्याचं गाठोडं पायानं टेबलाखाली सारलं.

त्यानं पेट्रोल ओतलं, तेलाची वाटी तिला दाखवून मोजून रिकामी केली आणि किक मारली. निळा धूर सुटला. ठण-ठण-ठण. बाजारातली माणसं वळली. भाजीवाल्या सोजराबाईचा हात दंडावर गेला, कय्युमचा गेला. पद्माबाई डोळे मिटून ऐकत होती आणि हसत होती.

तेवढ्यात लतीफच्या मागून तो प्रश्न आला. नेहमीसारखा, घाईचा, जरा चेष्टेचा.

"लतीफभाई, तेल टाकलं न्हवं?"

आठ वर्षांत त्यानं एकदाही जवाब दिला नव्हता. आता त्यानं मान खाली घातली आणि इंजिनाच्या आवाजात, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, सांगितलं, "न्हाई, डॉक्टरसाब. मीच विसरलो व्हतो."