ईथरची वही

भिंगवाल्यांनी सापेक्षतावादाशी उघड वैर धरलं ते निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी. एकतीस वर्षं प्रयोगशाळेच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी भिंगं घासली, आणि एकतीस वर्षं साहेब लोकांच्या तोंडून ऐकलं की प्रकाशाच्या लाटा वाहून नेणारा, सगळीकडे भरलेला ईथर वगैरे काही नसतं, प्रकाश आपला पोकळीतूनच पळतो आणि पळणाऱ्याचं घड्याळ मागे पडतं. पगार मिळत होता तोवर ते मान डोलवत राहिले. मग म्हणाले, "लाट म्हटली की पाणी नको? आणि घड्याळ मागे पडलं तर दुरुस्तीला टाकावं. काळाला कशाला नावं ठेवायची?"

बायकोला यातलं एवढंच कळलं, की तळघर आपल्या हातचं गेलं. तिथे तेलाच्या हौदात लाकडी तराफ्यावर तरंगणारी दगडी चकती आली, चकतीवर आरसे आले. एकाच दिव्याचा प्रकाश दोन वाटांना फुटायचा, काटकोनात जाऊन परतायचा आणि दुर्बिणीत काळ्या-उजळ रेघा उमटायच्या. पृथ्वी ईथरमधून धावत असेल तर एका वाटेला वारा जास्त लागणार, म्हणजे चकती पाव फेरा फिरवली की रेघा सरकणार. जाणत्या लोकांच्या रेघा कधी सरकल्या नव्हत्या. भिंगवाल्यांच्या सरकल्या.

रोज सकाळी अकराला हाक यायची, "अगं, वही घेऊन ये." ती हौदाला लागून ठेवलेल्या स्टुलावर बसायची, ते आकडा सांगायचे, ती लिहायची. अशी अकरा वर्षं गेली.

आता वही लिहिणाऱ्या माणसाला वही वाचताही येते, हे काही भिंगवाल्यांच्या ध्यानात आलं नाही. तिसऱ्या वर्षी ती आजारी बहिणीकडे नऊ दिवस राहून आली, तर हे तोंड फुगवून बसलेले. रेघा जागच्या हलत नव्हत्या. "उपकरण बिघडलंय," म्हणाले, आणि ते नऊ दिवस त्यांनी वहीत येऊच दिले नाहीत. ती स्टुलावर बसली आणि उपकरण सुधारलं. पुढे महिन्याभरात एकदा अंगात सणसणून ताप असताना ती हाकेसरशी खाली गेली. त्या दिवशीचा आकडा सगळ्यांत मोठा निघाला. भिंगवाल्यांनी त्याभोवती लाल पेन्सिलीने गोल काढला, आणि वर अंथरुणात पडल्या पडल्या तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वारा ईथरचा नव्हताच. तिच्या अंगाच्या उबेने स्टुलाकडची हवा तापत होती, आणि त्या तापल्या हवेतून जाणाऱ्या प्रकाशामुळे रेघा सरकत होत्या.

ती बोलली नाही. निवृत्त माणूस उद्योगाविना घरात काय करतो, हे तिने शेजारणीच्या नवऱ्याकडे पाहून ठेवलं होतं. उलट त्यानंतर आठ वर्षं तिने अकराची वेळ चुकवली नाही. लेकीकडे जायचं झालं तरी अकरानंतर निघायची आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या आत हजर.

मग प्रयोगशाळेचे आताचे प्रमुख घरी आले. आरसा कसा घासावा हे ते भिंगवाल्यांच्याच हाताखाली शिकले होते. भिंगवाल्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, चकती फिरवली आणि ओरडले, "पाव रेघ! बघा!"

प्रमुखांनी बराच वेळ डोळा लावून पाहिलं. "काका, हे छापायला हवं. तुमच्या नावानं. जगभरचे लोक तपासतील."

नवऱ्याचा चेहरा असा फुललेला तिने लेकीच्या जन्मानंतर पाहिला नव्हता. जगभरचे लोक तपासतील आणि जगभर हसं होईल, हेही तिला दिसलं. ती उठली.

"मी वर जाते. अर्ध्या तासानं पुन्हा मोजा."

"अगं, मग आकडा कोण लिहील?"

"निघाला तर लिहाल ना."

अर्ध्या तासाने ती परत आली तोवर त्यांनी पुन्हा मोजलं होतं, आणि रेघा जागच्या हलल्या नव्हत्या. प्रमुख हळूच म्हणाले, "काकू, कधीपासून माहीत होतं?"

"आठ वर्षं झाली."

माणसाच्या अंगाची ऊब पकडणारं इतकं नाजूक उपकरण आमच्याकडेही नाही, असं प्रमुख जाताना म्हणाले, आणि ते खरंही होतं. भिंगवाल्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. रात्री जेवताना एकच वाक्य बोलले, "आठ वर्षं मला खेळवलंस." तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी अकराला ती ओट्यापाशी उगाच पुसलेलं पुसत उभी होती.

"अगं, वही घेऊन ये."

स्टूल हौदापासून लांब, दाराशी ठेवलं होतं. त्यावर तिची शाल होती. ती बसली.

"शून्य," ते म्हणाले. "लिही."

तिने लिहिलं.

"ईथर नाही असं नव्हे. मला सापडला नाही, एवढंच."

"बरं."

"आणि बहिणीकडे होतीस ते नऊ दिवसही लिही. तारखा शोधायला लागतील."

"शोधायच्या कशाला? पाठ आहेत मला."

तिने नऊ शून्यं लिहिली. त्यांनी वही घेतली, मागची पानं चाळली आणि लाल गोलापाशी थांबले.

"हा एवढा मोठा कसा?"

"ताप होता मला."

"बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

भिंगवाले उभ्या उभ्याच त्या पानाकडे पाहत राहिले. मग तिच्या हातातलं पेन घेऊन त्यांनी गोलाशेजारी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: हिला ताप होता.