सुट्टीचा शब्द

तिकीट तपासनीस डब्यात शिरला, तसं यावोरने आपलं शेपूट बाकाखाली ओढून घेतलं. तपासनिसाचे बूट जड होते आणि जड बुटांना शेपटी दिसत नाही, एवढं शहाणपण त्याला पहिल्याच प्रवासात आलं होतं. व्लास्ताबाईंनी तिकीट पुढे केलं. त्यांचा डावा हात मात्र त्याच्या पट्ट्याच्या मुठीवरून हलला नाही.

समोरच्या बाकावर बसलेल्या म्हातारीने पिशवीतून कागदाची पुडी काढली आणि डबाभर डुकराच्या तळलेल्या चरबीचा वास सुटला. असा वास, की चांगल्या चांगल्या कुत्र्यांनी आईबाप विसरावेत.

"एक देऊ का हो त्याला?" म्हातारीने विचारलं. "मघापासून बघतेय, नाकसुद्धा वर करत नाही बिचारा."

"नको, आजी. कामावर आहे तो."

"गाडीत कसलं आलंय काम? माझा नवरा जन्मभर रेल्वेत राबला, पण त्यालासुद्धा जेवायची सुट्टी असायची!"

मुठीवरची बाईंची बोटं घट्ट झाली. यावोरचे कान ताठ झाले होते, ते त्याने पुन्हा खाली पाडले. शब्द ओळखीचा होता, पण तो म्हातारीने म्हटला होता. तिने म्हणून काय उपयोग!

आंधळ्या माणसाला वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांची झाग्रेबला शाळा आहे, तिथे यावोर शिकला होता. लोव्रो नावाचा पोरगेलासा मास्तर त्याला शिकवायचा. नियम साधा होता. पट्टा चढला की काम. मग मांजर आडवं गेलं तरी बघायचं नाही. पट्टा उतरला आणि वर 'सुट्टी!' असं कानात पडलं की काम संपलं. मग कुत्र्याने कुत्र्यासारखं वागावं, लोळावं, भुंकावं, चपला पळवाव्यात. पण दोन्ही गोष्टी व्हायला हव्यात. नुसता पट्टा उतरला तर कुत्रा ताटकळत बसतो, कारण मालकाला आणखी काही हवं असेल तर, कुणी सांगावं!

वसंतात तो व्लास्ताबाईंकडे आला आणि तेव्हापासून तो शब्द त्याने ऐकलाच नव्हता. बाई वाईट नव्हत्या. पट्टा उतरवायच्या, खिळ्याला टांगायच्या, त्याच्या कपाळावरून हात फिरवायच्या. खायला वेळेवर, पाणी ताजं. मग तोंड उघडायच्या आणि काही न बोलता मिटायच्या. यावोर बिचारा खिळ्याखाली एक कान उघडा ठेवून झोपायचा. तक्रार करायची कुणाकडे? आणि कुठल्या तोंडाने?

शिवाय घरात आणखी कुणीतरी होतं. दिसत नव्हतं, पण होतं. टेबलाखालच्या सतरंजीत तिचे काळे केस होते, दाराच्या चौकटीला खांदा घासल्याचा डाग होता. पट्टा त्याचा नवा होता, पण चामड्याची मूठ जुनी, तिची. त्यामुळे चालताना एका परक्या कुत्रीचा वास सतत त्याच्या पाठीवर स्वार असायचा. बाई कधी कधी हाक मारायच्या, "इस्क्रा..." आणि जीभ चावायच्या. यावोर तरीही उठून जायचा. आपल्या वाट्याला आलेलं नाव नसलं, तरी काम तर आपलंच आहे.

निघायच्या आदल्या दिवशी बाई फोनवर म्हणाल्या होत्या, "लोव्रो, तो थांबतो. काही नसताना मध्येच थांबतो आणि माझा जीव गोळा होतो. नाही जमत रे आमचं. ओसिएकचं काम उरकून येते, मग सोमवारी येऊन घेऊन जा त्याला." शब्द यावोरला कळले नाहीत. पण फोनमधून लोव्रोचा आवाज आला, आपलं नाव आलं, आणि बाईंच्या आवाजात दार लावून घेतल्यासारखं काहीतरी आलं. त्या रात्री तो खिळ्याखालून उठून त्यांच्या पलंगाच्या पायथ्याशी जाऊन बसला होता.

*

ओसिएकच्या फलाटावर तिहोमिर उभा होता. नगरपालिकेच्या रस्ते खात्यातला हा माणूस आडव्या अंगाचा, तंबाखू आणि लाल मिरचीच्या वासाचा. त्याने बाईंचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"आलात एकदाच्या! मी तुमच्या साहेबांना सांगितलं होतं, दुसऱ्या कुणाला पाठवा म्हणून."

"काम माझं आहे, तिहोमिर."

"हो, ते आहेच." तो खाली वाकला. "आणि हे कोण साहेब?"

"हा यावोर."

"रुबाबदार आहे हो. पण चेहरा बघा की, करवसुलीला आल्यासारखा! हसतो की नाही कधी?"

बाई हसल्या नाहीत.

काम असं होतं. रस्ता ओलांडायच्या जागी खांबावर डबा असतो. सावकाश टिकटिकला तर थांबा, भरभर टिकटिकला तर चला. बाईंची कंपनी हे डबे बनवायची. शहरात नवे डबे बसले की बाईंनी जाऊन, ऐकून, स्वतः चालून बघायचं आणि ठीक आहे म्हणायचं. त्यांनी म्हटल्याशिवाय डबा चालू धरत नसत.

सकाळभर ते चालले. बाई खांबाला कान लावायच्या, गाड्यांच्या गोंगाटात टिकटिक बुडते का बघायच्या, "पुढे" म्हणायच्या आणि यावोर निघायचा. ट्रामचे रूळ, वर आलेली फरशी, फुटपाथवर आडवी टाकलेली सायकल, सगळ्यांतून त्याने त्यांना अलगद नेलं. पण प्रत्येक वेळी कडेला पोचल्यावर तोंड म्हणायचं पुढे आणि मुठीवरचा हात त्याला किंचित मागे खेचायचा. कुत्र्याने ऐकावं कुणाचं? त्याचं पाऊल अडखळायचं, बाई सुस्कारा टाकायच्या. तो सुस्कारा त्याला काठीसारखा लागायचा.

दुपारी तिहोमिरने त्यांना द्रावा नदीच्या काठी माशाचा लालभडक रस्सा खायला नेलं. यावोर टेबलाखाली शिरला.

"एकच चौक राहिला," तिहोमिर रस्सा ओरपत म्हणाला. मग चमचा खाली ठेवला. "बेकरीसमोरचा. तो मी ऐकून घेतो, बाई. तुमच्या वतीने. कुणाला कळतंय?"

"मला कळेल."

"तुमची काय चूक होती त्यात? तो व्हॅनवाला लाल दिव्यात घुसला. मेला शिक्षा भोगतोय की."

"डबा बरोबर टिकटिकत होता," बाई म्हणाल्या. "आमचाच डबा. म्हणून तर. इस्क्रा थांबली होती, तिहोमिर. मी पुढे म्हटलं, ती हलली नाही. पुन्हा म्हटलं, तरी नाही. शाळेत पहिल्याच दिवशी शिकवतात, कुत्रं अडलं तर त्याचं ऐका. आणि मी मनात म्हटलं, माझा डबा खोटं बोलणार नाही, हीच हट्टीपणा करतेय. मीच खाली पाय टाकला. मग ती माझ्या पायांपुढे आडवी झाली."

टेबलाखाली यावोरने हनुवटी बाईंच्या गुडघ्यावर ठेवली. बाईंनी पाय काढून घेतला.

*

बेकरी जवळ आली तशी यावोरची चाल मंदावली. पावाचा वास, ट्रामच्या तेलाचा वास, लिंडेनच्या सडक्या पानांचा वास. आणि त्या सगळ्यांच्या वर, इस्क्राचा. पण या खेपेला तो पाठीवरच्या मुठीतून येत नव्हता. समोरून येत होता.

कुत्र्याला वासाचं वय कळतं. सतरंजीतला वास जुना होता, चौकटीवरचा त्याहून जुना. ती गेली त्याला दोन हिवाळे झाले होते, पाऊस पडून गेला होता, पालिकेचे झाडू फिरले होते. या रस्त्यावर तिचं काही उरायला नको होतं. पण हा वास आजचा होता, आत्ताचा होता. यावोरच्या मानेवरचे केस उभे राहिले.

ती खांबाजवळ, फुटपाथच्या अगदी कडेला बसली होती. काळी, थोराड, हनुवटीपाशी पांढुरकी. तोंड रस्त्याकडे. अंगावर कामाचा पट्टा होता आणि पट्ट्याला मूठ नव्हती.

माणसाला विचाराल तर म्हणेल, काहीतरीच काय. तिहोमिर तिथेच उभा होता, त्याला रिकामा फुटपाथ दिसत होता. पण मी यावोरची गोष्ट सांगतोय, तिहोमिरची नाही.

डबा भरभर टिकटिकू लागला. गाड्या थांबल्या.

"पुढे," बाई म्हणाल्या.

इस्क्रा उठली. वळली आणि बाईंच्या पायांपुढे आडवी उभी राहिली. यावोर जागच्या जागी थिजला.

"पुढे, यावोर!"

आज्ञा मोडू नये असं त्याला मनापासून वाटत होतं. लोव्रोचा आवाज, बाईंचे सुस्कारे, लागलेलं दार, सगळं त्याला ठाऊक होतं. पण वाटेत कुणी आडवं असेल तर जायचं नाही, आणि ती तर कामावर होती. कामावरच्या कुत्र्याला ढकलून जायचं कसं? तो अंग चोरून, शेपूट पायांत घालून उभा राहिला. पण हलला नाही.

"काही नाहीये हो," तिहोमिर हळूच म्हणाला. "रस्ता अख्खा मोकळा आहे. ट्राम नाही, गाडी नाही. भेदरलाय उगीच."

टिकटिक पुन्हा सावकाश झाली. मागून येणारी माणसं त्यांना वळसा घालून जात होती. बाईंनी 'पुढे' म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

"नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "तो थांबलाय ना? मग काहीतरी आहे. या वेळी मी ऐकणार आहे." त्यांनी तिहोमिरच्या दिशेने मान वळवली. "ती कुठे पडली होती?"

"बाई, कशाला आता..."

"कुठे?"

"इथेच. खांबापाशी."

"अंगावर पट्टा होता?"

"होता. डॉक्टरांनी मग कापून काढला. मूठ तेवढी धड होती, म्हणून तुम्हाला पाठवली."

"काढताना तिला कुणी काही म्हटलं?"

"काय म्हणणार? ती गेली होती हो तोवर."

"मला तोवर रुग्णवाहिकेत घातलं होतं," त्या म्हणाल्या. "मी तिच्या नावाने नुसती ओरडत होते. नाव घेत होते, पण शब्द नाही म्हटला. कुणीच नाही म्हटला, तिहोमिर. अगं बाई गं... ती अजून कामावर आहे."

त्या तिथेच गुडघ्यांवर बसल्या, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांत, चांगल्या कोटानिशी. उजवा हात त्यांनी पुढे केला. यावोरने पाहिलं, हात बरोबर त्या काळ्या कपाळाच्या उंचीवर थांबला.

"इस्क्रा," बाई म्हणाल्या. "माझी शहाणी. झालं गं काम. सुट्टी."

यावोरचे कान ताडकन उभे राहिले. पण पट्टा त्याच्या अंगावर होता, आणि नाव दुसऱ्याचं घेतलं होतं. तो हलला नाही.

इस्क्राने नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत अंग झाडलं, पट्टा उतरल्यावर कुत्री झाडतात तसं. मग ती लिंडेनच्या झाडांखालून नदीच्या बाजूला निघाली. आधी चालत, मग दुडक्या चालीने. तिने एकदाही वळून पाहिलं नाही. तिहोमिरने का कोण जाणे, टोपी काढून हातात घेतली.

डबा भरभर टिकटिकू लागला.

"पुढे, यावोर."

आणि यावोर निघाला. मागे खेचणारं काही नव्हतं, मूठ हलकी होती. रूळ ओलांडले, पलीकडची कड आली, तो थांबला, बाई पायरी चढल्या. मुठीला आता चामड्याचा आणि त्यांच्या घामेजलेल्या हाताचा वास होता, आणखी कुणाचा नव्हता.

"ठीक आहे डबा," बाई नाक पुसत म्हणाल्या. "आवाज थोडा वाढवा."

*

नदीकाठच्या गवतावर बाईंनी पट्टा सोडला आणि खांद्याला अडकवला. यावोर नेहमीसारखा त्यांच्या पायाशी बसला, एक कान उघडा ठेवून. बाईंच्या खिशात फोन वाजू लागला. त्यांनी तो वाजू दिला.

"यावोर," त्या म्हणाल्या. "सुट्टी."

यावोरने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. त्याने बाईंकडे पाहिलं, मग गवताकडे, मग पुन्हा बाईंकडे.

"तुलाच म्हणतेय रे, वेड्या. तुलाच. सुट्टी!"

मग मात्र त्याने जी धूम ठोकली ती थेट पाण्यापर्यंत. बदकांची दाणादाण उडवली, तसाच उलटा फिरला, चिखलात चारी पाय वर करून लोळला आणि भुंकून सगळा काठ डोक्यावर घेतला.

"अहो बाई!" तिहोमिर दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाला. "हा तर कुत्रा निघाला की!"

फोन पुन्हा वाजला. बाईंनी तो कानाला लावला. त्यांचे गाल ओले होते आणि त्या ते पुसत नव्हत्या.

"हां, लोव्रो. सोमवारी? नाही, येऊ नकोस... काय म्हणालास? नाही रे, आत्ता नाही बोलावता येणार त्याला," त्या म्हणाल्या. "तो सुट्टीवर आहे."