डुगडुगण्याचा आळ

मी स्टूल बोलतोय. चार पाय, गोल बैठक, पाठ टेकायला काही नाही. एका चित्रकाराच्या खोलीत खिडकीपाशी माझी जागा आहे.

चित्रकार पूर्वी जाहिरातींचे फलक रंगवायचा. फुगलेले दंड, आवळलेले जबडे. तेव्हा माझ्यावर रंगाचे डबे असत. अंगावरचे निळे डाग त्या काळातले. मग त्याच्या लक्षात आलं, की असा पुरुष आपण प्रत्यक्षात एकही पाहिलेला नाही. तेव्हापासून तो खऱ्या माणसांना माझ्यावर बसवू लागला. ड्रायव्हर, न्हावी, बँकेतला पहारेकरी. पहिली दहा मिनिटं सगळेच पोट आत, छाती बाहेर. मग श्वास सुटतो, खांदे उतरतात. तोवर चित्रकार नुसती पेन्सिल तासत बसतो.

दोन प्रदर्शनं झाली. "पुरुष छान आहेत, पण काही करत का नाहीत?" असं लोकांनी विचारलं. तिसऱ्या प्रदर्शनासाठी त्याला वडील हवे होते. त्यांचा जन्म कारखान्यात लेथवर गेलेला.

"नुसतं बसायचं? मी काय आजारी आहे?" म्हणत ते आले आणि उजवा हात मांडीखाली घालून बसले.

आणि मी डुगडुगायला लागलो.

"बाबा, हलू नका ना."

"मी कुठे हलतोय? स्टूल बघ तुझं!"

मला लगेच पटलं. दोष आपलाच असणार, हे मला नेहमीच लगेच पटतं. इतकी माणसं पेलली, आणि नेमके घरच्या माणसाच्या वेळी पाय लटपटावेत! चित्रकाराने पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. दुसऱ्या दिवशी दोन घड्या. तिसऱ्या दिवशी एक पाय कानशीने घासला. थरथर काही जाईना.

"हात तरी बाहेर घ्या, बाबा."

"तोंड काढ तू. हातात काय ठेवलंय एवढं?"

चौथ्या दिवशी त्याने मला जिन्यात नेऊन ठेवलं, भंगारवाल्यासाठी. वडील वर आले, मला बघून थबकले. मग डाव्या हाताने उचलून मला आत आणलं.

"हे का काढलंस बाहेर?"

"डुगडुगतंय ना."

वडील बसले. उजवा हात त्यांनी गुडघ्यावर ठेवला. तो तिथे थरथरत राहिला.

"त्याचं काही बिघडलेलं नाही," ते म्हणाले. "वर्ष झालं याला. तुझ्या आईला सांगू नकोस. तिला कळलंय, पण आम्ही बोलत नाही."

त्या दिवशी चित्रकार पेन्सिल तासत बसला नाही. त्याने बोटाची रेघ ओढली. तोवर बोट सरकलेलं. दुसरी ओढली, तिसरी ओढली.

"बाबा, यातली कुठली ठेवू?"

वडिलांनी वाकून कागद पाहिला. "सगळ्या ठेव. सगळीकडे मीच होतो."

ते चित्र आता प्रदर्शनात लागलंय. मी इथेच आहे. पाय घासल्यामुळे आता मात्र खरोखर डुगडुगतो. तुम्ही कधी बसायला आलात, तर जरा सांभाळून बसा. हवी तेवढी नावं मला ठेवा; हात तेवढे बाहेर असू द्या.