करंजटेकचे दगड

“सरळ धर, भो! कोपरा टेकू देऊ नको!” मगन रिक्षावाल्याला सांगत होता आणि स्वतः उलट्या पावलांनी घरात शिरत होता. दोघांच्या मध्ये चार फुटी काचेची टाकी होती. आशा स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानेच बाहेर आली.

“हाई काय लई उनात?”

“काचनी टाकी शे.”

“ते मालेबी दखास. कसाले?”

“मासा पाळाले.”

आशाने हाताचं पीठ पदराला पुसलं. “मासा बजारमा मिळतस ना! सांगानं माले, मी कालवण करी देती.”

रिक्षावाला हसला. मगन हसला नाही. टीव्हीशेजारच्या भिंतीला त्याने लोखंडी स्टँड आधीच टेकवून ठेवला होता. त्यावर थर्मोकोलचा पत्रा अंथरला, टाकी हळूच बसवली आणि पाणसळ लावून चारही बाजू तपासल्या. वीज मंडळात वायरमन म्हणून त्याने सगळी नोकरी काढली होती. खांब उभा करताना तो जसा एक डोळा मिटून बघायचा, तसा आता टाकीकडे बघत होता.

निवृत्त होऊन त्याला वर्ष झालं होतं. नंदुरबारच्या एका कॉलनीत त्याने छोटं घर बांधलं होतं. मुलगा भूपेंद्र सुरतेला कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर होता. मगनने आयुष्यात स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं. चपला झिजल्या तरी आशाने आणून दिल्याशिवाय नव्या घ्यायचा नाही. म्हणूनच तिला या टाकीचं कोडं पडलं होतं.

कारण सुरतेत होतं. गेल्या थंडीत मोतीबिंदूच्या ऑपरेशनला भूपेंद्रने त्याला तिकडे नेलं होतं. दुसरा डोळा उघडला त्या दिवशी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत मगनने ती टाकी पाहिली. आत झाडं नव्हती, नुसते काळे दगड एकावर एक रचलेले. त्या दगडांच्या फटींतून पिवळेधमक आणि निळे मासे आतबाहेर करत होते. एक मासा एका फटीच्या तोंडाशी थांबला होता आणि कुणी जवळ आलं की त्याला हुसकावून लावत होता. पुन्हा येऊन तिथेच. अगदी एखादा म्हातारा ओट्यावर बसावा तसा.

“बाबा, नंबर लागला,” भूपेंद्र म्हणाला. मगनला ऐकूच आलं नाही.

त्याला वडिलांचं एक बोलणं आठवत होतं. उकाई धरणाचं पाणी चढलं आणि तापीकाठचं त्यांचं करंजटेक बुडालं, तेव्हा मगन नऊ वर्षांचा होता. सगळं गाव माळावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये आलं. रोज संध्याकाळी आई नदीच्या दिशेला तोंड करून रडायची. एकदा वडील तिला म्हणाले होते, “रडू नको. घर काही रिकामं नही. आते तठे मासा ऱ्हातीन.” आई रडता रडता हसली होती. मगनला मात्र ते खरंच वाटलं होतं. कितीतरी रात्री तो मनातल्या मनात त्या माशांना घर दाखवत फिरला होता. हाई चूल, हाऊ हांडा ठेवाना कट्टा, आठे मी निजू.

नंदुरबारला आल्यावर त्याने माशांचं दुकान शोधलं. दुकानदार अजित तिशीचा, बोलका होता. त्याने आधी गोल्डफिश दाखवले.

“ते नही. दगडमा ऱ्हातस ते.”

“सिक्लिड? काका, ते आफ्रिकाना शेतस. मलावी म्हणीसन मोठं तळं शे तिकडे. भांडखोर जात शे हाई. पहिलीच टाकी शे ना तुमनी?”

“पहिलीच.”

अजितने मान हलवली, पण मग सगळं नीट समजावून दिलं. या माशांना जड पाणी लागतं. नंदुरबारच्या बोअरचं पाणी, ज्याला बायका शिव्या देतात, ज्यात डाळ शिजत नाही आणि गिझरला खडू धरतो, ते यांना मानवतं. दगड आधी थेट तळावर रचायचे, वाळू मागून टाकायची, कारण हे मासे उकरतात आणि वाळूवर रचलेला ढीग कोसळतो. मासे थोडे आणू नयेत, एकदम दहाबारा आणावेत, म्हणजे एकाचा राग सगळ्यांत वाटला जातो.

“आणि पाणी भरीसन फिल्टर लावा, पण महिनाभर मासा टाकू नका. पाणी पिकाले, त्यामा चांगला जंतू तयार व्हवाले टाइम लागस. आपला बजारमा तिलापिया इकतस ना काका, तो यास्नाच भाऊबंद शे.”

हे शेवटचं वाक्य मगनने घरी आशाला सांगितलं. “मंग तोच आणी टाकाना व्हता,” ती म्हणाली.

दगड अजितच्या दुकानातही होते, पॉलिश केलेले. मगनला ते नको होते. त्याने थोरल्या बहिणीला फोन लावला.

दगूबाई, म्हणजे त्याची आक्का, त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. तिचं सासर तापीकाठीच, नंदुरबारपासून तासाभरावर. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलाकडे राहायची.

“आक्का, पाणी कितलं उतरनं?”

“लई उतरनं भाऊ. करंजटेक उघडं पडनं शे म्हणतस. काब्र?”

“दगड लेवाले जाई ऱ्हायनू. येशी?”

तिकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “येस.”

मे महिना सुरू होता. मगनने ओळखीच्याची अॅपे रिक्षा ठरवली आणि वाटेत आक्काला घेतलं. तिने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. नदीच्या पात्रापाशी रिक्षा बाभळीखाली थांबली. पुढे वाळलेल्या गाळावरून चालायचं होतं. गाळाला हाताएवढ्या भेगा पडल्या होत्या. कुठे कुठे लोकांनी टरबुजाचे वेल लावले होते. लांब पाण्याची निळी रेघ आणि तिच्या अलीकडे, मळकट रंगाच्या त्या सपाटीवर, काळ्या दगडांच्या ओळी. घरांची जोती तेवढी उरली होती.

मगनला काही ओळखू येईना. नऊ वर्षांच्या डोळ्यांत गाव खूप मोठं होतं. आक्का मात्र त्याचा हात धरून न चुकता चालत राहिली. मारुतीच्या पाराचा ढीग डावीकडे टाकून ती एका जोत्यापाशी थांबली. चपला काढल्या. मग आत पाऊल टाकलं.

“आठे ओटा व्हता. आठे माय दळाले बठे. आणि या कोपरामा तुन्हा जन्म झाया. मी भायेर बठीसन रडनी, माले वाटनं माय मरी जाई ऱ्हायनी.”

मगनने वाकून जोत्याच्या दगडाला हात लावला. उन्हाने तो तापला होता. कडेला शिंपल्या चिकटल्या होत्या.

“मन्हा लगीनना मांडव आठे व्हता,” आक्का म्हणाली. “या गावमा शेवटलं लगीन मन्हं. मायनी सांगं, आखाजीले भाऊ येई तुले लेवाले. मी वाट देखी ऱ्हायनी. आणि बाबाना निरोप उना. यंदा येऊ नको बेटा, आठे झोका बांधाले झाड नही.”

खानदेशात आखाजीला, अक्षय्यतृतीयेला, लेक माहेरी येते. झाडाला झोका बांधतात. भाऊ मुऱ्हाळी होऊन बहिणीला आणायला जातो. मगनला एकाएकी आठवलं, त्या वर्षी आईने त्याला पट्ट्यांचा नवा शर्ट शिवला होता. मुऱ्हाळी जाणार म्हणून. तो शर्ट घालून तो दिवसभर शेडच्या बाहेर बसून राहिला होता आणि कुणी त्याला काही सांगितलं नव्हतं.

“नंतर तर येत व्हती ना तू आखाजीले,” तो म्हणाला.

“येत व्हती. ते तुमनं घर व्हतं भाऊ. चांगलं व्हतं. पण मी तठे ऱ्हायनी कवय? पाव्हणीच उनी, पाव्हणीच गयी.” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिने खाली बसून जोत्याच्या सांदीतले लहान दगड उकरायला सुरुवात केली. “कसा पाहिजेत तुले? चपटा का गोल?”

दोघांनी मिळून दोन गोण्या भरल्या. रिक्षा परत निघाली. आक्काच्या गावाचा फाटा आला तेव्हा तिने उतरायला पदर सावरला.

“बठ,” मगन म्हणाला. “परवा आखाजी शे. मन्हा घर चाल.”

“आते? या वयमा?”

“मुऱ्हाळी उना ना तुन्हा.”

आक्का रस्त्याकडे बघत राहिली. फाटा मागे पडला. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, “मन्हा आंडोरले फोन कर. म्हण, माय माहेरले गयी.”

ती आठवडाभर राहिली. अंगणातल्या नळाखाली बसून तिने एकेक दगड ब्रशने घासला. आशा म्हणाली, “ताई, मी करस ना,” तर तिने ऐकलं नाही. रचायलाही तीच बसली. मगन टाकीत हात घालून दगड ठेवायचा आणि ती बाहेरून सांगायची. हाऊ मांगे लोट. आठे मोकळं ऱ्हाऊ दे, त्यासले जावाले येवाले दार पाहिजे का नही? आखाजीच्या सकाळी आशाने कुणाला न विचारता पडवीच्या कडीला दोर बांधला आणि त्यावर गोधडीची घडी टाकली. “ताई, बठा,” ती म्हणाली. आक्का लाजली. मग बसली. तिचे पाय जमिनीला टेकत होते, तरी आशाने मागून हलकेच झोका दिला. दोघी आखाजीची जुनी गौराईची गाणी म्हणत बसल्या. कुणाला सगळी येत नव्हती. एकीचं अडलं की दुसरी पुढे न्यायची.

जूनमध्ये मासे आले. आक्का तेव्हा परत गेली होती. अजितने बाराही मासे पिशवीसकट पाण्यावर तरंगत ठेवले, थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत घातलं आणि मग सोडले. बोटाएवढी पिल्लं ती. क्षणात दगडांत नाहीशी झाली. मगन स्टुलावर बसून राहिला. बऱ्याच वेळाने एका फटीतून पिवळं नाक बाहेर आलं.

मग रोज संध्याकाळी आक्काचा फोन यायला लागला. “मासा काय करी ऱ्हायनात?” मगन सांगायचा. आज निळ्याने वाळू उकरून ढीग केला. आज धाकट्या पिवळ्याला कोपऱ्यात दाबला. ती गावगप्पा ऐकाव्यात तशी ऐकायची. “तो मोठा निळा आपला करंजटेकना इंद्रसिंग काकासारखा शे,” ती म्हणायची, आणि दोघं हसायची. आशा पलीकडे भाजी निवडत असायची. तिने बाजारातून तिलापिया आणणं बंद केलं होतं. मगनने विचारलं तर म्हणाली, “काटा लई ऱ्हातस त्यामा.”

श्रावणात एका मादीने खाणं सोडलं. तिचा गळा फुगला होता. मगन घाबरून दुकानात गेला. अजित हसला. “काका, तिन्हा तोंडमा अंडा शेतस. पिल्लं मोठी व्हतस तवलोंग ती काही खास नही.”

संध्याकाळी त्याने हे आक्काला सांगितलं. ती म्हणाली, “उपाशी ऱ्हास? तितला दिन?” दुसऱ्या दिवसापासून तिचा पहिला प्रश्न तोच असायचा. आणि एका सकाळी मादीने तोंड उघडलं आणि तांदळाएवढी पिल्लं दगडांच्या सांदीत पसरली, तेव्हा मगनने पहिला फोन तिला केला.

“येस मी देखाले. पाऊस उघडू दे.”

पाऊस उघडला नाही. भाद्रपदात एका पहाटे भाच्याचा फोन आला. आक्का झोपेतच गेली होती.

मगन एकटाच निघाला. आशाचे गुडघे धरले होते आणि वादळी पावसाने रस्ते खराब होते. नदी दुथडी भरली होती. पलीकडच्या पाण्याकडे न बघता मगनने बहिणीला खांदा दिला. भाच्याने जेवायचा आग्रह केला, पण तो थांबला नाही.

दिवस मावळायच्या आत तो कॉलनीत पोचला. घराघरांत शुकशुकाट होता. वळणावरचा खांब वाकलेला दिसला, मंडळाची दोन माणसं शिडी लावून लोंबत्या तारा जोडत होती. सकाळपासूनच लाईट नसणार, हे त्याने बघताच ओळखलं. पूर्वी असे खांब त्यानेच उभे केले असते. मग त्याला टाकीतला पंप आठवला. पंप बंद म्हणजे हवा बंद. इतक्या वेळात एकही मासा जगायचा नाही, हे त्याला ठाऊक होतं.

अंगणातल्या नळावर त्याने अंघोळ केली. घाई केली नाही. ओल्या अंगानेच दार ढकललं.

खोलीत अंधारत आलं होतं. आशा टाकीपाशी स्टुलावर बसली होती. हातात पितळी लोटा. लोटा पाण्यात बुडवायचा, हात खांद्याच्या वर न्यायचा आणि उंचावरून धार सोडायची. पुन्हा बुडवायचा. तिचं लुगडं कोपरापासून गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. चूल थंड होती. सकाळचा चहाचा कप तसाच पडला होता.

“मी अजितले फोन लाया,” मागे न बघता ती म्हणाली. “त्यानी सांगं, असं कर. एक बी मरू दिधा नही.”

मगन जवळ गेला. मासे वरती येऊन त्या धारेखाली गोळा झाले होते, पिवळे, निळे. पिल्लं काचेला लागून होती.

“दे आते मन्हाकडे,” तो म्हणाला.

“तुम्ही बठा. थकी गया व्हशात.” तिने आणखी एक लोटा ओतला. मग विचारलं, “ताईले कोणतं लुगडं नेसाडं?”

“हिरवं.”

आशाने मान हलवली.

तेवढ्यात बाहेर कुणीतरी ओरडलं, घरातला दिवा लागला, पंप घरघरला आणि पाण्यात बुडबुड्यांची माळ वर चढू लागली. मगन भिंतीला टेकून खाली बसला. आशा तरीही लोटा बुडवत होती, वर नेत होती, ओतत होती.